अख्खी अमेरिका मंदीत बुडाली होती, तेव्हा या नवरा-बायकोने तिला ब्रिजचं वेड लावलं

१९३१ चा डिसेंबर. अमेरिकेत महामंदी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. बँका बुडत होत्या, कारखान्यांना टाळं लागत होतं, फुकटच्या सूपसाठी शहराशहरांत रांगा लागत होत्या. आणि अशा काळात पेपरच्या पहिल्या पानावर बातमी काय, तर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात काल रात्री चार माणसं पत्ते खेळत बसली होती आणि त्यात कुणी कुठलं पान टाकलं.

बरं, ही बातमी एक दिवस छापून संपली नाही. महिनाभर चालली. हॉटेलात तारा पाठवणारे ऑपरेटर बसवले होते. खेळणाऱ्यांना त्रास नको म्हणून मध्ये पडदा लावला होता आणि त्या पडद्याच्या फटीतून पत्रकार आळीपाळीने आत डोकावत होते.

हा सगळा माहोल उभा करणाऱ्या माणसाचं नाव होतं एली कलबर्टसन.

ब्रिज हा खेळ त्याने शोधला नव्हता. तो जगातला सगळ्यात भारी खेळाडू होता, असंही नाही. पण क्लबात बसणाऱ्या श्रीमंतांचा खेळ त्याने उचलला आणि थेट लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. आणि हे त्याने एकट्याने केलं नाही. टेबलावर त्याच्या समोरच्या खुर्चीत त्याची बायको बसलेली असायची. तिचं नाव जोसेफिन.

ही गोष्ट त्या दोघांची आहे. पण त्याआधी ब्रिज म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यायला लागेल.

मेंढीकोट येत असेल तर अर्धं ब्रिज येतंच

तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळला असाल, तर ब्रिज तुम्हाला परका वाटणार नाही. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, ५२ पानं, प्रत्येकाला १३. उतारी झाली की त्याच रंगाचं पान टाकायचं, नसेल तर हुकूम मारायचा. ज्याचं पान मोठं, त्याचा हात. असे एकूण १३ हात होतात.

फरक कुठे आहे? मेंढीकोटात भिडूकडे काय पानं आहेत हे कळावं म्हणून लोक काय काय करतात, ते सगळ्यांना माहितीये. डोळा मारतात, खोकतात, पान जरा जोरात आपटतात. पकडले गेले की भांडणं होतात.

ब्रिजमध्ये भिडूशी बोलायची कायदेशीर सोय आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी बोली लागते. आपण किती हात करू आणि हुकूम कुठला असेल, हे बोलीतून सांगायचं असतं. पहिले सहा हात मोजायचेच नाहीत, त्यामुळे चार इस्पिक अशी बोली लावली तर त्याचा अर्थ सहा अधिक चार, म्हणजे इस्पिकचा हुकूम ठेवून दहा हात करून दाखवू. जास्त मोठी बोली लावणारी जोडी जिंकते आणि मग तिला तेवढे हात करून दाखवावेच लागतात. नाही झाले तर दंड.

बोली जिंकली की त्या जोडीतला एक जण खेळतो आणि त्याचा भिडू आपली १३ पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. पुढचा सगळा डाव त्याने फक्त बघायचा.

थोडक्यात, या खेळात पानांपेक्षा भिडूवरचा भरवसा जास्त महत्त्वाचा. समोरच्याने बोली लावली तर त्याच्या मनात काय आहे, हे आपल्याला कळलं पाहिजे आणि आपल्याला कळलंय हे त्यालाही कळलं पाहिजे.

१९२५ मध्ये एका जहाजावर खेळाचं रूप बदललं

ब्रिजच्या आधी व्हिस्ट नावाचा खेळ होता. इंग्लंडमध्ये तो इतका चालायचा की एडमंड हॉइल नावाच्या माणसाने १७४२ मध्ये त्याच्यावर पुस्तकच काढलं. व्हिस्टमधून ब्रिज आला, ब्रिजमधून ऑक्शन ब्रिज आला. पण ऑक्शन ब्रिजमध्ये एक गडबड होती. बोली लहान लावून जास्त हात केले तरी ते सगळे गुण डाव जिंकायला धरले जायचे. मग मोठी बोली लावायची रिस्क कोण घेईल?

हॅरोल्ड वँडरबिल्ट हा अमेरिकेतल्या रेल्वेवाल्या गडगंज घराण्यातला वारस. शिडाच्या बोटींच्या शर्यतीतही मोठं नाव. १९२५ च्या शरद ऋतूत तो फिनलंड नावाच्या जहाजाने पनामा कालव्यातून निघाला होता. वेळ घालवायला मित्रांसोबत पत्ते सुरू होते. त्या प्रवासात त्याने गुणांचं नवं कोष्टक मांडलं. नियम सोपा होता: जेवढी बोली लावली असेल, तेवढेच हात डाव जिंकायला धरायचे. बाकीचे फक्त बोनस. मोठं बोललात आणि करून दाखवलंत तर घसघशीत बक्षीस, तोंडावर पडलात तर घसघशीत दंड.

याला नाव मिळालं कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. आज जगभर ब्रिज म्हणून जो खेळतात, तो हाच.

आता खेळ भारी झाला होता, पण अवघडही झाला होता. ऑक्शन ब्रिजमध्ये अंदाजे बोलून चालून जायचं. इथे भिडूची पानं न बघता नेमकं बोलायला लागत होतं. म्हणजे दोन भिडूंमध्ये एक भाषा हवी होती. ती भाषा कुणाकडेच नव्हती.

आणि नेमकी हीच रिकामी जागा एली कलबर्टसनच्या नजरेत भरली.

तेल विहिरीवाल्याचा पोरगा, क्रांतीनंतर कफल्लक

एलीचा जन्म २२ जुलै १८९१ चा, रुमानियातल्या पोयाना वर्बिलाउ या गावातला. बाप आल्मन कलबर्टसन अमेरिकन खाण इंजिनिअर, तेलाच्या धंद्यात होता. आई झेनिया रशियन. त्यामुळे पोरगा कागदावर अमेरिकन, पण वाढला रशियात आणि युरोपात. पॅरिस आणि जिनिव्हात शिकला. पाच-सहा भाषा सहज बोलायचा.

तरुणपणी आपण रशियातल्या क्रांतिकारकांच्या नादाला लागलो, त्यापायी तुरुंगातही गेलो, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं. त्यात मीठमसाला किती आणि खरं किती, यावर त्याला ओळखणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. स्वतःची गोष्ट रंगवून सांगायची कला मात्र त्याच्यात भरपूर होती, हे पुढे सगळ्या अमेरिकेने बघितलं.

१९१७ ला रशियात खरोखरची क्रांती झाली आणि कलबर्टसन घराण्याची सगळी संपत्ती गेली. एली पॅरिसमध्ये होता. हातात डिग्री नाही, धंदा नाही. एक गोष्ट मात्र चांगली येत होती, ती म्हणजे पत्ते. पुढची चार वर्षं पठ्ठ्या पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत पत्त्यांवर पैसे लावून जगला.

१९२१ मध्ये तो अमेरिकेत आला. इथेही तेच, ऑक्शन ब्रिज आणि पोकर. कधी खिसा भरलेला, कधी रिकामा.

न्यूयॉर्कच्या ब्रिज क्लबांमध्ये त्याची गाठ जोसेफिन डिलनशी पडली. ती तिथल्या आघाडीच्या महिला खेळाडूंपैकी एक होती आणि ब्रिज शिकवणारी शिक्षिका म्हणून तिचं चांगलं नाव होतं. शहरातल्या श्रीमंत बायका तिच्याकडे पैसे देऊन शिकायच्या. म्हणजे दोघांत जास्त वट कुणाची होती, तर तिची.

१९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं. हा डोक्यात कल्पनांचं वादळ घेऊन फिरणारा, उधळ्या, बोलघेवडा. ती शांत, टेबलावर चेहऱ्याची रेषही न हलवणारी. तिच्या ओळखींमुळे त्याला चांगल्या खेळाडूंमध्ये उठबस मिळाली. पुढे त्यांना दोन मुलं झाली.

खेळ विकायचा कसा?

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आल्यावर जुने तज्ज्ञ जरा बावरले होते. त्यांची पुस्तकं, त्यांचे क्लास, सगळं ऑक्शन ब्रिजचं होतं. एली आणि जोसेफिनकडे गमावण्यासारखं फार काही नव्हतं. त्यांनी नव्या खेळासाठी बोलीची अख्खी पद्धत बांधली.

त्यातलं गणित साधं होतं. हातातली पानं बघून आपले पक्के हात किती होतील ते मोजायचं. एक्का असेल तर एक. एकाच रंगाचे एक्का-राजा असतील तर दोन. एक्का-राणी दीड. राजा-राणी एक. नुसता राजा आणि सोबत एखादं लहान पान, तर अर्धा. बेरीज साधारण अडीच झाली की बोली उघडायची. एकदम उडी न मारता एकापासून सुरुवात करायची आणि हळूहळू एकमेकांची पानं समजून घेत वर जायचं. काही बोली अशा ठरवल्या की भिडूने त्या ऐकल्या की गप्प बसायचं नाही, उत्तर द्यायचंच.

आज ही पद्धत जुनी झाली. पण तेव्हा हातात पानं धरून गोंधळलेल्या लोकांना कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की अमुक असेल तर तमुक बोला.

ऑक्टोबर १९२९ मध्ये एलीने द ब्रिज वर्ल्ड नावाचं मासिक काढलं. टायमिंग बघा. त्याच महिन्याच्या शेवटी वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला.

दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळला असता. पण मंदी ब्रिजच्या पथ्यावरच पडली. नाटक-सिनेमाला, हॉटेलात जायला पैसे नव्हते. पत्त्यांच्या एका कॅटमध्ये मात्र चार जणांची अख्खी संध्याकाळ जात होती. शेजारचं जोडपं घरी बोलवायचं, टेबल मांडायचं, झालं.

एलीने ओळखलं की गिऱ्हाईक कोण आहे. क्लबातले पुरुष नव्हेत. घरात टेबल मांडायचं की नाही हे ठरवणारी बाई. म्हणून जोसेफिन त्याच्या सगळ्या जाहिरातीच्या मध्यभागी होती. पुरुषांच्या बरोबरीने, पुरुषांच्या विरुद्ध बसून खेळणारी आणि जिंकणारी बाई. तिला बघून हजारो बायकांना वाटलं की हा खेळ आपलाही आहे.

आणि एलीने दुसरी एक गोष्ट ओळखली. नवरा-बायको भिडू म्हणून समोरासमोर बसले की नुसते पत्ते खेळत नाहीत, घरातलं सगळं टेबलावर येतं. लोकांना हा खेळ ओढत होता तो त्यामुळेही. त्याने लोकांच्या भीतीला आणि आकर्षणाला हात घातला आणि हे तो लपवतही नव्हता.

चार इस्पिकची बोली आणि बंदुकीची गोळी

मासिक यायच्या थोडंच आधी, २९ सप्टेंबर १९२९ ला कॅन्सस सिटीत एक प्रकरण घडलं होतं. जॉन बेनेट आणि मर्टल बेनेट हे जोडपं दुसऱ्या एका जोडप्यासोबत घरी ब्रिज खेळत होतं. जॉनने बोली उघडली, मर्टलने ती चार इस्पिकपर्यंत नेली. मर्टल डमी झाली. जॉनला दहा हात करता आले नाहीत. तिने त्याला सुनावलं, भांडण पेटलं, त्याने तिच्या थोबाडीत मारली. ती आत गेली, पिस्तूल घेऊन आली आणि त्याला गोळ्या घातल्या. जॉन मेला.

१९३१ मध्ये खटला चालला आणि मर्टल निर्दोष सुटली.

देशभर या प्रकरणाची चर्चा झाली. एलीने ती वाया जाऊ दिली नाही. तो डाव असा होता, इथे असं बोलायला हवं होतं, अशी चिरफाड त्याने केली. आडून सांगणं एवढंच की बोलीची पद्धत नीट शिकला असता तर माणूस जिवंत असता. एका माणसाच्या मरणावर स्वतःची पद्धत विकणं हे चांगलं की वाईट, हा प्रश्न तेव्हाही होता. पण पुस्तकं खपली.

१९३० मध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट ब्रिज ब्लू बुक आलं. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर या इंग्लिश खेळाडूला त्याने आव्हान दिलं. बुलरचं मत असं की या सगळ्या पद्धती-बिद्धती म्हणजे थोतांड, सरळ अक्कल वापरून खेळावं. लंडनच्या अल्मॅक्स क्लबमध्ये २०० डावांचा सामना झाला. एली, जोसेफिन, थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेड्टविट्झ असा अमेरिकन संघ होता. त्यांनी ४,८४५ गुणांनी सामना मारला.

१९३१ च्या अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या पहिल्या दहा बिगर-कथा पुस्तकांत दोन पुस्तकं एकट्या कलबर्टसनची होती. दोन्ही ब्रिजवरची.

आणि मग झाली शतकातली लढाई

जुने तज्ज्ञ आता चिडले. आपण आयुष्यभर हा खेळ खेळलो आणि कालचा आलेला गडी सगळं मार्केट खातोय. १९३१ मध्ये त्यांनी एकत्र येऊन आपली स्वतःची अधिकृत पद्धत जाहीर केली.

एलीला हेच हवं होतं. भांडणाशिवाय बातमी होत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने त्यांच्यातल्या सिडनी लेंझला आव्हान दिलं. लेंझ हा वयाने मोठा, मान असलेला खेळाडू. हौशी जादूगारही होता. पत्त्यांवर हात इतका बसलेला की पैसे लावून खेळणंच त्याने सोडून दिलं होतं. एलीने पैज लावली, माझे ५,००० डॉलर आणि तुमचे १,०००. जिंकलेले पैसे समाजकार्याला जाणार. लेंझला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

७ डिसेंबर १९३१ ला चॅथम हॉटेलमध्ये सामना सुरू झाला. एकूण १५० रबर खेळायचे होते. तीन गेममधले जो दोन जिंकेल, त्याचा एक रबर. निम्म्या सामन्यानंतर मुक्काम हलला वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात. पंच म्हणून वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतला एक तरुण लेफ्टनंट आणला होता, अल्फ्रेड ग्रुएंथर. हाच माणूस पुढे युरोपात नाटोच्या फौजांचा सर्वोच्च सेनापती झाला आणि आयझेनहॉवरचा ब्रिजच्या टेबलावरचा नेहमीचा गडी म्हणूनही ओळखला गेला.

सुरुवातीला लेंझची बाजू पुढे होती. एली मात्र आपल्याच तालात. उशिरा यायचा, एकेका पानासाठी बराच वेळ विचार करत बसायचा, टेबलावरच जेवण मागवून स्टेक खायचा. शिस्तीच्या लेंझचं डोकं फिरायचं. समोर जोसेफिन मात्र शांत बसलेली, जणू घरातच पानं वाटतेय. निम्म्याहून जास्त रबर एलीसमोर तीच भिडू म्हणून बसली.

लेंझचा भिडू होता ऑस्वाल्ड जेकोबी, तरुण आणि हुशार. त्याच्या बोली धाडसी असायच्या, कधी कधी मुद्दाम फसवणाऱ्या. समोरच्यांबरोबर लेंझही त्यात फसायचा. १०३ रबर झाल्यावर दोघांमध्ये खटका उडाला आणि जेकोबी सामना सोडून गेला. त्याच्या जागी विनफिल्ड लिगेट हा नौदलातला कमांडर बसला.

एका बाजूचा भिडू उठून गेला, दुसऱ्या बाजूचा टिकला. ८ जानेवारी १९३२ ला सामना संपला तेव्हा कलबर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी जिंकली होती.

खरं सांगायचं तर १५० रबरमध्ये एवढी आघाडी म्हणजे पद्धतीचा विजय सिद्ध झाला, असं नाही. नशिबाने पानं थोडी इकडे-तिकडे पडली असती तरी निकाल फिरला असता. पण लोकांना एवढंच दिसलं की कलबर्टसन जिंकला. त्यानंतर अमेरिकेत ब्रिज म्हणजे कलबर्टसन, हे समीकरण झालं.

पेपरात सदर, रेडिओवर कार्यक्रम, सिनेमाच्या आधी दाखवायच्या छोट्या फिल्म. त्याची पद्धत शिकवणारे हजारो शिक्षक देशभर तयार झाले. न्यूयॉर्कमध्ये क्रॉकफर्ड्स नावाचा उंची क्लब निघाला. १९३३ मध्ये हॉलिवूडने ग्रँड स्लॅम नावाचा सिनेमा काढला, त्यात ब्रिज खेळून प्रसिद्ध झालेल्या जोडप्याची खिल्ली उडवली होती. ती कुणाची, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही.

१९३५ मध्ये पुन्हा १५० रबरचा सामना झाला, या वेळी नवरा-बायको विरुद्ध नवरा-बायको. समोर पी. हॅल सिम्स आणि त्याची बायको डोरोथी. ही डोरोथी तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरलेली, विमान चालवलेली बाई. कलबर्टसन जोडी १६,१३० गुणांनी जिंकली.

टेबलावर जमलं, घरात नाही

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय जोडी आहे. पण घर हेच ऑफिस, ऑफिस हेच घर अशी अवस्था झाली होती. एली रात्र-रात्र जागून काम करायचा, सिगारेटी ओढायचा, पैसा येईल तसा उधळायचा. सामना, दौरा, पुस्तक, पुन्हा सामना. ज्या माणसाने लाखो जोडप्यांना एकमेकांची भाषा समजून घ्यायला शिकवलं, त्याच्या स्वतःच्या घरातली बोलणी मात्र तुटत चालली होती.

१९३७ मध्ये बुडापेस्टला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. एली आणि जोसेफिन एका संघात होते. अंतिम सामन्यात पॉल स्टर्नच्या ऑस्ट्रियन संघाने त्यांना हरवलं. पुढच्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि स्टर्नला देश सोडून लंडनला पळावं लागलं. त्याच वर्षी, १९३८ मध्ये, एली आणि जोसेफिनचा घटस्फोट झाला. १५ वर्षांचा संसार संपला.

धंद्यावरचं नाव मात्र तेच राहिलं. कलबर्टसन पद्धत, कलबर्टसनची पुस्तकं, कलबर्टसनचे शिक्षक. आडनाव दोघांचं होतं, पण ते ऐकल्यावर लोकांना आठवायचा तो एकटा एली.

१९४० मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि मग ब्रिजमधून त्याचं मन उडालं. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. एलीला वाटलं, चार माणसांना नियमांच्या चौकटीत बसवता येतं, तर देशांना का नाही? त्याने जागतिक महासंघाची योजना बनवली. प्रत्येक देशाच्या सैन्याला ठरावीक कोटा आणि सगळ्यांच्या वर एक आंतरराष्ट्रीय फौज, म्हणजे कुठलाच देश एकट्याच्या जोरावर जगावर चढाई करू शकणार नाही. १९४३ मध्ये त्यावर टोटल पीस नावाचं पुस्तक काढलं. वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले. काही खासदारांचा पाठिंबाही मिळवला. स्वतःचा वेळ आणि पैसा ओतला.

पण जग काही त्याच्या टेबलावर येऊन बसलं नाही. अमेरिका आणि रशियात शीतयुद्ध सुरू झालं आणि योजना कागदावरच राहिली. ज्या माणसाने अमेरिकेला पत्त्यांचा खेळ विकला, त्याला शांतता मात्र विकता आली नाही.

इकडे ब्रिज त्याच्या हातातून निसटत होता. फिलाडेल्फियाचा वकील चार्ल्स गोरेन याने १९४९ मध्ये गुण मोजायच्या सोप्या पद्धतीवर पुस्तक काढलं. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. अर्धा-दीड-अडीचची भानगड नाही, शाळेतल्या पोरालाही जमेल. हे मोजमाप आधीपासून होतं, पण गोरेनने ते घराघरात पोहोचवलं. लोकांनी कलबर्टसन सोडून गोरेन धरला. १९५८ मध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर गोरेन झळकला.

ते बघायला एली नव्हता. १९४७ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं होतं, तेही टिकलं नाही. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो या छोट्या गावात २७ डिसेंबर १९५५ ला तो गेला. फुप्फुसाचा आजार होता. वय ६४.

तीन महिनेही झाले नाहीत, तोवर २३ मार्च १९५६ ला जोसेफिनही गेली.

मागे काय उरलं?

खेळ उरला. पद्धती बदलल्या, पण बोली म्हणजे भिडूसोबतची ठरवलेली भाषा, ही कल्पना आज जगभरातल्या ब्रिजचा पाया आहे. बिल गेट्स आणि वॉरेन बफे भिडू म्हणून खेळले आहेत. चीनच्या डेंग शाओपिंगला ब्रिजचं वेड होतं. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचा समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीत भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६. पत्ते खेळून मेडल मिळतं का, असं विचारणाऱ्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं.

१९६४ मध्ये ब्रिजमधल्या थोरांसाठी हॉल ऑफ फेम सुरू झाला. पहिल्या तीन नावांत वँडरबिल्ट होता, गोरेन होता आणि एली कलबर्टसन होता. पुढच्याच वर्षी लेंझ आणि जेकोबी यांची नावंही आली. म्हणजे त्या डिसेंबरमध्ये हॉटेलच्या टेबलावर पहिल्या दिवशी बसलेल्या चौघांपैकी तिघांचा मान झाला.

चौथ्या खुर्चीतल्या जोसेफिनचं नाव त्या यादीत आलं १९९६ मध्ये. एलीनंतर ३२ वर्षांनी, आणि ती गेल्यावर ४० वर्षांनी.

ब्रिज हा एकट्याने खेळायचा खेळ नाही. समोर भिडू नसेल तर पानं वाटताच येत नाहीत. हे सगळ्यात आधी एली कलबर्टसनने लोकांना पटवलं होतं. त्याच्या भिडूचं नाव घ्यायला मात्र ब्रिजच्या जगाला जरा उशीरच झाला.